टाकून देण्याचा अधिकार

साशंक : एम.एस्सी. झालेली हुशार मुलगी परदेशातल्या विद्यापीठात, मानवी मूलपेशींच्या प्रयोगशाळेत ‘रिसर्च स्पेशालिस्ट’ म्हणून लागते. घरच्यांना वाटतं, आता ही मधुमेहावर, पार्किन्सनवर इलाज शोधणार. प्रत्यक्षात तिचा दिवस कसा जातो? इन्क्युबेटर उघडायचा, प्लेट काढायची, कालचा मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारं द्रावण, ओढून घ्यायचा, ताजा घालायचा, प्लेट परत ठेवायची. उद्या तेच, रविवारी तेच, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही तेच. प्रश्न ठरवणार प्रयोगशाळेचा प्रमुख, अनुदान त्याच्या नावावर, निबंधावर पहिलं नाव पीएचडी करणाऱ्याचं नाहीतर पोस्टडॉकचं. हिची नेमणूक अनुदान चालू असेल तोवर. आपल्याकडे पाटी बदलते, ‘प्रोजेक्ट असोसिएट’ किंवा ‘टेक्निकल असिस्टंट’ असं काहीतरी म्हणतात, पण गोष्ट तीच. कष्टांबद्दल माझी तक्रार नाही, कष्ट कुठल्या कामात नसतात? माझी हरकत अशी आहे की, या कामाला संशोधन हे मोठं नाव द्यायचं आणि त्या नावाच्या भरवशावर अस्थिर नोकरी, बेताचा पगार आणि अनामिकपणा तिच्या पदरात टाकायचा. काम कौशल्याचं आहे, हे मान्य. पण ते विज्ञान आहे का?

उत्साही : रविवारचं कारण आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. या पेशींना मूलपेशी म्हणून टिकवणारं एफजीएफ-२ नावाचं एक प्रथिन मीडियात घातलेलं असतं. इन्क्युबेटरच्या ३७ अंश तापमानाला ते लवकर निकामी होतं. ते संपलं की पेशी आपापल्या वाटेला लागतात. कोणी चेतापेशी व्हायला बघते, कोणी आतड्याची. शरीरातली कुठलीही पेशी होण्याची ताकद म्हणजे सतत काहीतरी होऊन बसण्याची तयारी. ती रोज थोपवून धरावी लागते. आता जास्त टिकणारं प्रथिन घातलेले मीडिया मिळतात, त्यामुळे काही ठिकाणी शनिवार-रविवार मोकळा मिळायला लागला आहे. पण मीडिया बदलणं हा कामाचा सोपा भाग झाला. बदलण्याआधी ती मायक्रोस्कोपखाली बघते. निरोगी कॉलनी घट्ट बांधलेली असते, कडा गुळगुळीत आणि चकचकीत, पेशी लहान, केंद्रक मोठं, त्यातल्या केंद्रिका ठळक. बिघाड सुरू झाला की कडेच्या पेशी चपट्या होऊन पसरतात किंवा मधोमध दाट, तपकिरी गठ्ठा दिसायला लागतो. पेशी नव्या प्लेटमध्ये न्यायच्या तर पेशींची पकड सैल करणारं ईडीटीएचं द्रावण घालून चार-पाच मिनिटं थांबायचं. पेशींच्या मध्ये फटी पडल्या, पण त्या अजून प्लेटला धरून आहेत, हा क्षण पकडायचा. मिनिटभर आधी घाई केली तर कॉलनी सुटत नाही, मिनिटभर उशीर झाला तर सगळ्या पेशी एकेकट्या होतात. आणि एकेकटी पडलेली मानवी मूलपेशी बहुधा मरते. हे बघणं, ठरवणं आणि वेळेवर थांबणं जर विज्ञान नसेल, तर निरीक्षण कशाला म्हणायचं?

साशंक : तुम्ही जे वर्णन केलंत त्याला आपल्याकडे ‘हाताला चव असणं’ म्हणतात. आजीच्या आमटीला ती असते, आणि आजी गेल्यावर आमटीही जाते. स्वयंपाकघरात ते चालतं. विज्ञानाचा दावा नेमका उलटा आहे. पुण्यात केलेला प्रयोग क्योटोमध्ये, दुसऱ्या हातून, तसाच झाला पाहिजे. ज्या क्षेत्रात ‘तिच्या हातून होतं, माझ्या हातून होत नाही’ हे वाक्य रोज ऐकू येतं, त्या क्षेत्राने त्याचा अभिमान बाळगू नये, काळजी करावी. कारण याच वाक्याआड खोटंही लपतं. २०१४ च्या जानेवारीत जपानच्या रिकेन संस्थेतून ‘स्टॅप’ पेशींचे निबंध आले. साध्या पेशींना सौम्य आम्लात ठेवलं की त्या मूलपेशी होतात, असा दावा होता. जगभरच्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं, जमेना. तेव्हा पहिला खुलासा काय होता? पद्धत नाजूक आहे, बारकावे जमायला हवेत. जुलैमध्ये निबंध मागे घेतले गेले. पुढे तपासात निघालं की, तथाकथित नव्या पेशींमध्ये भ्रूणीय मूलपेशीच होत्या. हाताच्या कौशल्याचा मान ठेवून लोकांनी काही काळ संशय आवरला होता. म्हणून विचारतो, तुमच्या तज्ज्ञ हाताला विज्ञानात जागा द्यायची म्हणजे पडताळणीला एक पळवाट द्यायची, असं नाही का होत?

उत्साही : हात जे जाणतो ते कागदावर उतरवायला नकार दिला, तर पळवाट होते. या क्षेत्राचा इतिहास मात्र हातातलं ज्ञान कागदावर उतरवण्याचा आहे. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटाने पहिल्यांदा मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून वाढवल्या. तेव्हा त्या उंदराच्या पेशींच्या थरावर, जनावराचं सीरम घातलेल्या मीडियात वाढत. सीरमची एक बाटली दुसरीसारखी नसायची, म्हणून सगळा भार हातावर आणि डोळ्यांवर. २००६ मध्ये त्याच गटाने घटक माहीत असलेला मीडिया तयार केला, आणि २०११ मध्ये फक्त आठ घटकांचा. एकेकटी पेशी मरते म्हटलं ना, त्यावर २००७ मध्ये जपानमधल्या वातानाबे आणि सासाई यांच्या गटाने रॉक इनहिबिटर नावाचं रसायन वापरून दाखवलं. एका पेशीपासून कॉलनी उभी राहण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं, ते सत्तावीस टक्क्यांवर गेलं. असा प्रत्येक बदल ‘माझ्या हातून होतं’पासून ‘कोणाच्याही हातून होईल’पर्यंतचा प्रवास असतो. आणि तो प्रवास ज्याने रोज प्लेट हाताळली त्याच्याशिवाय होत नाही, कारण पेशी नेमक्या कुठे मरतात हे त्यालाच माहीत असतं. जपानी संशोधक यामानाका यांचा २००६ चा निबंध घ्या. उंदराच्या साध्या त्वचापेशींना मूलपेशींसारखं करणारी चार जनुकं त्यात आहेत. निबंधावर नावं दोनच, ताकाहाशी आणि यामानाका. चोवीस जनुकांतून एकेक गाळत चारपर्यंत येणं हे प्रयोगशाळेच्या टेबलापाशी बसून केलेलं काम होतं. यामानाकांनी नोबेल व्याख्यानात तीन तरुण सहकाऱ्यांचं ऋण मानलं, त्यात प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ तोमोको इचिसाका होत्या.

साशंक : तुमचंच उत्तर तुमच्यावर उलटतंय, बघा. हातातलं ज्ञान कागदावर उतरत जातं, हे मान्य केलं, तर प्रत्येक यशाबरोबर हाताची गरज कमी होते. रिकेनमध्येच याचा पुढचा अंक झाला. २०२२ मध्ये तिथल्या गटाने माहोलो नावाच्या दोन हातांच्या यंत्रमानवाला पेशी वाढवायला लावलं. मूलपेशींपासून डोळ्याच्या पडद्यामागच्या रंगद्रव्य-पेशी करायच्या होत्या. पिपेट किती जोराने मारायची, द्रावण किती वेळ ठेवायचं, असे घटक संगणकाने बदलत नेले. १११ दिवसांत १४३ तऱ्हा तपासून झाल्या, आणि आधीच्या पद्धतीपेक्षा ८८ टक्के सरस निकाल आला. तो हात थकत नाही, रविवार मागत नाही, आणि आज केलं तसंच उद्याही करतो. म्हणजे तुमच्या तज्ज्ञापुढे दोनच वाटा उरतात. तिचं कसब लिहिता येत नसेल, तर ते विज्ञानात संशयास्पद. लिहिता येत असेल, तर ते यंत्राचं. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला या दोन भिंतींमध्ये आयुष्य घालायला सांगताना आपण तिला काय आश्वासन देतो?

उत्साही : कोंडी खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण यंत्राने काय केलं तेही नीट पाहू. चांगलं कशाला म्हणायचं, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पेशींवर किती रंगद्रव्य चढलं, त्यावरून गुण द्यायचे. कारण डोळ्याच्या त्या पेशी पिकल्या की काळपट होतात. हे माप सुचण्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षं त्या प्लेटा बघितलेल्या होत्या. यंत्र दिलेल्या मापावर उत्तम उत्तर शोधतं, पण माप चुकलं असेल तर चुकीचं उत्तर तितक्याच नेटाने शोधतं. आणि बिघाड नेहमी मापाच्या बाहेरून येतो. मायकोप्लाझ्मा घ्या. हा सूक्ष्मजीव पेशींच्या प्लेटमध्ये शिरला तरी मीडिया गढूळ होत नाही. साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही. त्याला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पेशी फक्त जरा मंद वाढतात, वागणं किंचित बदलतं. ‘या आठवड्यात यांचं काहीतरी बिनसलंय’ असं म्हणून कोणीतरी पीसीआर चाचणी करते, तेव्हा तो सापडतो. संशय घ्यायचं कारण कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नव्हतं. तज्ज्ञाचं काम पिपेट मारण्यात आहे, असं मानलंत तर ते यंत्राचं आहे. मी ते संशय घेण्यात आहे, असं मानते.

साशंक : मग त्या संशयाचीच परीक्षा घेऊ. तुमचा सराईत डोळा कोणत्या प्लेटवर खूश होतो? जिथे कॉलनी भराभर वाढते, मरतात कमी, कडा देखण्या, पेशी उचलून नव्या प्लेटमध्ये टाकल्या की लगेच रुजतात. पण मानवी मूलपेशी वर्षानुवर्षं वाढवल्या की त्यांच्यात जनुकीय बदल साचतात, आणि जे बदल पेशीला लवकर वाढायला मदत करतात तेच प्लेटमध्ये टिकतात. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर १२५ मानवी भ्रूणीय लाइनी, म्हणजे एकेका भ्रूणापासून वाढवत नेलेले मूलपेशींचे वंश, तपासल्या, तेव्हा वीस टक्क्यांहून अधिक लाइनींमध्ये विसाव्या गुणसूत्राचा एकच तुकडा वाढलेला निघाला. त्या तुकड्यात पेशीला मरू न देणारं एक जनुक आहे. २०१७ मध्ये १४० लाइनींपैकी ५ लाइनींमध्ये पी-५३ या जनुकात बदल सापडले. हे जनुक कर्करोगाला अडवतं. म्हणजे विचार करा, रोज सकाळी चांगली कॉलनी निवडणारी तुमची तज्ज्ञ नकळत बिघडलेल्या पेशींची निवड करत असू शकते. तिचं कौशल्य जितकं वाढेल, तितकी ही निवड कडक. इथे हात अपुरा पडतो एवढंच मी म्हणत नाही. तो चुकीच्या दिशेने तरबेज होतो, असं म्हणतो आहे.

उत्साही : हा या कामावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. गुणसूत्रातला तो लहान तुकडा डोळ्याला दिसत नाही. नेहमीच्या गुणसूत्र-तपासणीतही तो निसटू शकतो, त्यासाठी वेगळी जनुकीय चाचणी लागते. म्हणूनच या क्षेत्रात मुरलेली माणसं एक उलटी सवय लावून घेतात. मरगळलेल्या प्लेटची काळजी सगळेच करतात. ही माणसं अचानक सुधारलेल्या प्लेटचीही करतात. कालपर्यंत तीन दिवसांनी भरणारी प्लेट आज दोन दिवसांत भरली, तर आनंद मानायचा नाही. तपासणीला पाठवायची आणि निकाल येईपर्यंत त्या पेशी कुठल्याच प्रयोगात घ्यायच्या नाहीत. आधी गोठवून ठेवलेल्या कुप्या हाताशी ठेवायच्या, म्हणजे निकाल वाईट आला तर मागे जाता येतं. पेशींनी किती पिढ्या ओलांडल्या, याची नोंद कुपीवर आणि वहीत, दोन्हीकडे. हा शहाणपणा त्या आकड्यांतूनच आला, पण तो रोज अमलात आणायचं काम माणसाचं आहे. सरावाने हात चुकीच्या गोष्टीत तरबेज होतो, हे तुमचं म्हणणं मान्य करून मी एक पाऊल पुढे जाते. या कामातलं सर्वांत मोठं कसब पेशी वाढवण्यात नाही. छान वाढलेल्या पेशी टाकून देण्यात आहे.

साशंक : आता आपण मुद्द्यावर आलो. टाकून द्यायचं हे ठरवणार कोण? मूलपेशींपासून स्वादुपिंडातल्या बीटा पेशी करायला महिनाभर लागतो. टप्प्याटप्प्याने वेगवेगळे घटक, रोजची हजेरी, महागडी रसायनं. पंचविसाव्या दिवशी तुमच्या तज्ज्ञाला संशय आला. सोमवारी अनुदानाचा अहवाल द्यायचा आहे, पोस्टडॉकला त्या पेशींवर शेवटचं चित्र काढायचं आहे, आणि हिचा व्हिसा या नोकरीवर टांगलेला आहे. ती हातमोजे चढवून ‘हे मी ब्लीचमध्ये टाकते’ म्हणेल? आणि म्हणाली, तरी तिचं ऐकणार कोण? रिकेनचंच उदाहरण परत घ्या, कारण त्याला दुसरी बाजूही आहे. स्टॅपचे निबंध आले त्याच कोबेच्या केंद्रात, त्याच २०१४ साली, मासायो ताकाहाशी यांच्या गटाने जगात पहिल्यांदा एका रुग्ण महिलेच्या स्वतःच्या त्वचेपासून केलेल्या पेशी तिच्या डोळ्यात बसवल्या. दुसऱ्या रुग्णासाठी पेशी तयार झाल्या, तेव्हा तपासणीत जनुकीय बदल आढळले आणि २०१५ मध्ये शस्त्रक्रिया थांबवली. तयार पेशी वापरायच्या नाहीत, हा निर्णय तिथे झाला. पण तो गटप्रमुखांनी घेतला. नकार देण्याचं बळ पदातून आलं होतं, हातातून नाही. तुम्ही ज्या कसबाला सर्वोच्च म्हणता, ते वापरायचा अधिकारच तुमच्या तज्ज्ञाकडे नसतो.

उत्साही : म्हणून चांगल्या प्रयोगशाळा तो अधिकार माणसाच्या धिटाईवर सोडत नाहीत, नियमात बांधतात. मायकोप्लाझ्माची चाचणी ठरलेल्या दिवशी, कोणाला संशय असो वा नसो. अमुक इतक्या पिढ्यांनंतर गुणसूत्र-तपासणी. लाइन खरोखर तीच आहे का, हे बघायला डीएनएचा ठसा. चाचणी सकारात्मक आली की प्लेट जाणार, प्रमुख काहीही म्हणो. कनिष्ठ माणसाला नियमाचं पांघरूण मिळतं. तिला ‘मला वाटतं’ म्हणावं लागत नाही, ‘नियम आहे’ एवढं पुरतं. पेशीपेढ्या याच तत्त्वावर चालतात. मॅडिसनची वायसेल संस्था थॉमसन यांच्या लाइनी जगाला पुरवण्यासाठी १९९९ मध्ये निघाली. आपल्याकडे पुण्यात, गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथून देशभरच्या संशोधकांना सेल लाइन मिळतात. अशा ठिकाणच्या तंत्रज्ञाचं नाव आपल्याला कधी कळत नाही, पण तिने पाठवलेल्या कुपीवर शेकडो निबंध उभे असतात. आणि अशा कामाचं मोल कधीतरी फार उघडपणे दिसतं. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने ठरवलं की, ९ ऑगस्टपूर्वी तयार झालेल्या मानवी भ्रूणीय लाइनींवरच्या संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल. यादीत आधी ६४ आणि पुढे ७८ लाइनी होत्या. त्यात मुंबईच्या एका खासगी कंपनीच्या ७ आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या ३ लाइनीही होत्या. पण संशोधकांच्या हाती प्रत्यक्षात पडू शकल्या त्या जेमतेम एकवीस-बावीस. कागदावर लाइन असणं वेगळं आणि ती कोणीतरी जिवंत, शुद्ध आणि वाटण्याजोगी ठेवणं वेगळं.

साशंक : नियम ओळखीच्या धोक्यापुरताच असतो. मायकोप्लाझ्मासाठी तुमचा नियम आहे. पण मघाशी तुम्हीच म्हणालात की, बिघाड मापाच्या बाहेरून येतो. त्या वेळी नियम गप्प राहतो, आणि मग प्रश्न पुन्हा पदावर येतो. ‘मला वाटतं, यांत काहीतरी बिघडलंय’ हे प्रमुख म्हणाला तर अनुभव, आणि स्पेशालिस्ट म्हणाली तर वहिमीपणा. शिवाय असं वाटायला लागायलाच आठ-दहा वर्षं हात चालावा लागतो. अनुदानाच्या मुदतीवर नेमलेली माणसं दोन-तीन वर्षांत जातात. मूलपेशींची ओळख पटायला लागते तोवर कंत्राट संपतं, आणि पुढच्या मुलीला पहिल्यापासून शिकवावं लागतं. याची जाणीव वरच्या लोकांना नाही असंही नाही. यामानाका यांनी मॅरेथॉन धावून देणग्या गोळा केल्या. क्योटोतल्या त्यांच्या केंद्रातले बहुसंख्य कर्मचारी मुदतीच्या नेमणुकीवर होते, त्यांना टिकवून धरायला पैसा हवा होता. नोबेल मिळालेल्या माणसाला त्यासाठी धावावं लागत असेल, तर विद्यापीठातल्या साध्या प्रयोगशाळेची काय कथा? ज्या कामाचा गाभा साठलेला अनुभव आहे, ते काम न साठणाऱ्या नोकरीवर चाललं आहे. हा पगाराचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवता येत नाही. विज्ञानाच्या दर्जाचाच हा प्रश्न आहे.

उत्साही : हे मी पूर्ण मान्य करते, आणि तरीही मी कोणत्याही मुलीला ‘जाऊ नकोस’ म्हणणार नाही. याचं कारण २०२५ मध्ये मिळालं. थॉमसन यांच्या १९९८ च्या पाच लाइनींपैकी एक एच-९. वंध्यत्वावरच्या उपचारात उरलेल्या, दांपत्याने संमतीने दिलेल्या एका भ्रूणातून ती आली. त्या लाइनीपासून डोपामाइन तयार करणाऱ्या चेतापेशींचे पूर्वज तयार करून ते बारा पार्किन्सन रुग्णांच्या मेंदूत बसवले गेले, आणि दीड वर्षाच्या निरीक्षणात पेशींमुळे गंभीर अपाय दिसला नाही. पहिल्या प्लेटपासून त्या शस्त्रक्रियेपर्यंत पाव शतक ती लाइन कोणीतरी वाढवली, उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये गोठवली, परत वितळवून जागी केली, तपासली. त्याच वर्षी टाइप-१ मधुमेहाच्या चाचणीचे निकाल आले. मूलपेशींपासून केलेल्या बीटा पेशींचा पूर्ण डोस मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जणांना वर्षाअखेर इन्सुलिनचं इंजेक्शन लागत नव्हतं. त्या उपचाराचं मूळ डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेतल्या २०१४ च्या पद्धतीत आहे. मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना हा आजार आहे, म्हणून ते या विषयाकडे वळले होते. अशी पद्धत बसवताना किती महिन्यांच्या किती पेशी कचऱ्यात जातात, ते कुठल्याच निबंधात येत नाही. ते टाकणारे हात आणि ही बारा माणसं यांच्यात थेट नातं आहे. ते नातं अनुभवायला मिळणं, हे मला आयुष्यभराच्या कामाला पुरेसं कारण वाटतं.

साशंक : बारा माणसं. हा आकडा तुम्ही आदराने घेतला, मी सावधपणे घेतो. मधुमेहाच्या त्या रुग्णांना शरीराने पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली. पार्किन्सनची ती चाचणी मुळात सुरक्षितता तपासणारी होती. आपल्याकडे मात्र या बातम्यांचं काय होतं? गुडघा, ऑटिझम, मणका, सगळ्यांवर ‘स्टेम सेल थेरपी’च्या जाहिराती लागतात आणि माणसं जमीन विकून पैसे भरतात. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं प्रयोगाच्या पातळीवर आहे. ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवं, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. हे रुग्णाच्या घरच्यांना कोण सांगतं? प्रमुख परिषदांमध्ये असतात, डॉक्टर जाहिरातीत असतात. किती प्लेटा फेकल्या तेव्हा एक जमली, हे ज्या बाईला ठाऊक आहे ती गप्प असते, कारण तिला बोलायचा हुद्दा नाही. तुम्ही म्हणता ते नातं दोन्ही बाजूंनी असतं. आशा जिच्या हातून तयार होते, तिच्याच हाती त्या आशेची मर्यादाही असते. ती बोलली पाहिजे.

उत्साही : बोलते ती, पण घरात. एखादी मावशी विचारते, ‘अगं, तू त्यातलीच ना, माझ्या गुडघ्याला करून घेऊ का?’ आणि ती म्हणते, ‘मावशी, नको. अजून ते सिद्ध नाही, आणि पैसे मागत असतील तर मुळीच नको.’ त्या घरातल्या निर्णयावर त्या एका वाक्याचा जो परिणाम होतो, तो मंत्रालयाच्या परिपत्रकाने होत नाही. मी तुमच्याशी आणखी एका गोष्टीवर सहमत होते. तिचं बोलणं घरापुरतं राहू नये. प्रयोगशाळेच्या बैठकीत तिला मत हवं, निबंधात तिचं नाव हवं, आणि तिचा संशय वहीत नोंदवला गेला तर त्याचं उत्तर देणं प्रमुखावर बंधनकारक हवं. मात्र एका ठिकाणी आपण अजून वेगळे आहोत. तुम्हाला वाटतं, आधी हुद्दा आणि सुरक्षित नोकरी, मग तो अधिकार वापरता येईल. मला वाटतं, तो अधिकार वापरणारी माणसं टिकून राहिली, तरच हुद्दा निर्माण होईल. कारण मागणी करायला कोणीतरी आत असावं लागतं.

साशंक : हे आपल्यात सुटणार नाही. मी त्या मुलीच्या व्हिसाकडे बघतो, तुम्ही त्या पेशींकडे बघता, आणि दोन्ही खरे आहेत. सुरुवातीला मी विचारलं होतं, हे काम विज्ञान आहे का. तो प्रश्न मी मागे घेतो. छान दिसणाऱ्या पेशींवर संशय घेणं विज्ञान नसेल, तर दुसरं काहीच नाही. पण त्या जागी माझा नवा प्रश्न जास्त अवघड आहे. ज्या व्यवस्थेत संशय घेणाऱ्याला आपली नोकरी पणाला लावावी लागते, त्या व्यवस्थेतल्या निकालांवर विश्वास किती ठेवायचा? याचं उत्तर ना यंत्रमानव देईल, ना मार्गदर्शक तत्त्वं. ते एकेका प्रयोगशाळेत, एकेका प्लेटवर ठरणार. म्हणून या कामाला निघालेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला माझं एकच सांगणं आहे. मुलाखतीला बसाल तेव्हा पगार विचारा, कंत्राट किती वर्षांचं ते विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की या प्रयोगशाळेत मागच्या वर्षी चांगली दिसणारी प्लेट कोणी टाकून दिली, कशावरून टाकली, आणि नंतर त्या माणसाचं काय झालं. उत्तर देताना प्रमुख अडखळला, तर दुसरी जागा बघा.